ठाणे खाडीतली फ्लेमिंगो सफर: पक्षी झकास दिसले, माहिती अर्धीच मिळाली

ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला बोटी निघतात, त्यातल्या एकीने फेब्रुवारीत भाचीच्या कुटुंबाबरोबर जाऊन आले. आधी जे आवडलं ते सांगते. बोट वेळेवर सुटली, लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली, आणि थवा दिसताच तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिन बंद केलं. याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. आवाज थांबला की पक्षी उडत नाहीत, खाली मान घालून खात राहतात. लहान रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची छोटी जात, आपली गडद लाल चोच उलटी करून उथळ पाण्यात बुडवतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं, आणि चोचीतल्या बारीक गाळणीत शेवाळ अडकतं. दुर्बिणीतून पाहिलं तर गळ्याची थरथरसुद्धा दिसते. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

मार्गदर्शक तरुण होता, पक्ष्यांची ओळख पक्की. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, राखाडी दिसतात ती कमी वयाची, हे त्याने मुलांना नीट समजावलं. पण माणसाचं नाव आलं ते फक्त प्लास्टिक टाकणारा आणि भराव घालणारा म्हणून. ‘माणूस नसता तर ही खाडी कशी असती, विचार करा,’ असं तो म्हणाला आणि बोटभर माना डोलल्या.

माझी नोकरी सांडपाण्याचे नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे हा विचार मी बरीच वर्षं करते आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांचं पाणी भांडुप-घाटकोपरच्या प्रक्रिया केंद्रांतून याच खाडीत येतं, शिवाय नाल्यांतून येतं ते वेगळंच. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर नील-हरित शेवाळ वाढतं. लहान रोहितचं पोट त्यावर भरतं, पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९०च्या दशकात, मुंबई, ठाणे, नवी मुंबई तिन्ही झपाट्याने वाढत होती तेव्हा. गाळ साचून खाडी उथळ झाली, तिवरं पुढे सरकली. यातून माणूस वजा केला तर समोरचा थवाही बहुधा वजा होईल. वारूळ निसर्गात मोजायचं आणि आपलं गटार बाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून सांडपाणी बिनदिक्कत सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. तेच पाणी जास्त झालं की प्राणवायू संपतो आणि मासळी जाते. येताना तांडेलाला विचारलं तर म्हणाला, ‘बाय, आमच्या बापाला निवट्या (चिखलातले छोटे मासे) बांधावरच मिळायच्या, आता शोधत फिरावं लागतं.’ मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एका रात्रीत ३९च्या आसपास रोहित गेले. त्यांना पोसणारेही आपण आणि मारणारेही आपणच. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला, दोन्हींचा मला आनंद आहे. पण त्या हद्दीत शिरणारं पाणी आमच्या मोऱ्यांतून निघतं, हे बोटीवर कुणीतरी सांगायलाच हवं. मुलांना ते कळलं तर घरी काय ओतायचं आणि काय नाही याचा विचार ती आपोआप करतील. आणि माईक थोडा वेळ तांडेलाच्या हातात द्यावा. तो या खाडीवर जगतो, तरी सबंध फेरीत माझ्याशिवाय त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. मुलांना जरूर न्या. भरती-ओहोटीप्रमाणे सुटायची वेळ रोज बदलते, तेव्हा आधी फोन करा. टोपी, पाणी आणि जमल्यास स्वतःची दुर्बीण घ्या. जागा मागायचीच तर मागे, तांडेलाशेजारची मागा.