अस्वलाचा डबा: भाड्याने घेतलेल्या बेअर कॅनिस्टरचा रिव्ह्यू

बेअर कॅनिस्टर म्हणजे जंगलात मुक्काम करताना खाणं ठेवायचा, अस्वलाला उघडता येणार नाही असा डबा. तो भरायला आम्हाला दोन तास लागले, आणि हे ट्रेलवर एक पाऊल टाकायच्या आधी. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या तुओलमी मेडोजच्या पार्किंगमधे सतरंजी टाकून त्यावर तीन दिवसांचं सगळं खाणं पसरून आम्ही तिघं बसलेलो, मी, बायको आणि साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेला मेहुणा, आणि येणारे जाणारे गोरे लोक बघून हसतायत की यांनी काय दुकान मांडलंय. समोर दोन काळे डबे, परमिट घेताना भाड्याने घेतलेले, जाड प्लास्टिकचे, लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढे, प्रत्येकी सव्वा किलोच्या आसपास वजन आणि आत जेमतेम दहा लिटर जागा. कंपनीचं नाव असेल कधीतरी त्याच्यावर, आमच्या डब्यांवर ते घासून घासून गेलं होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या प्रकारच्या डब्याचा समजा, ब्रँडचा नाही.

मेहुण्याचं पहिलं वाक्य, "दाजी, ह्यात तीन माणसांचं बसणार हाय का?"

नाही बसणार, हे मला आधी कळायला हवं होतं. बॅकपॅकिंगचं सामान घेताना आपण सगळे ग्रॅम मोजत बसतो, हा टेंट हलका, ती बॅग हलकी, पण अस्वलाच्या डब्याला वजनाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त जागा कळते. अर्धा किलो चिवडा आणि अर्धा किलो बेसनाचे लाडू शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल. बायकोने मुरमुऱ्याचा चिवडा केलेला, त्या एका पिशवीनेच अर्धा डबा खाल्ला असता, शेवटी तो आम्ही तिथेच, पार्किंगमधे बसून संपवला. चकल्याही तशाच गेल्या. लाडू गोल, म्हणजे दोन लाडवांच्या मधे हवा, मग मेहुण्याने ते सगळे पिशवीत दाबून एक ढेपूळ करून टाकलं, बायको दिवसभर बोलली नाही त्याच्याशी.

अजून एक गंमत, तुओलमी मेडोज आहे साधारण ८६०० फुटांवर, आणि खालून सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून नेलेली सीलबंद पाकिटं तिथे पोचेपर्यंत उशीसारखी टम्म फुगलेली असतात. सेफ्टी पिन घ्या, प्रत्येक पाकिटाला एक टोचा, हवा काढा, वर टेप मारा. रव्याचं प्रीमिक्स (घरी तुपात भाजून, साखर घालून, वर फक्त गरम पाणी ओतायचं) पाकिटातून काढून साध्या झिपच्या पिशवीत भरलं तर कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतं. थेपले गुंडाळी करून भिंतीला चिकटवून उभे लावले, ही आयडिया मेहुण्याची, मान्य करायला पाहिजे. मेतकूट, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, हे सगळं छान जातं. आणि पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण डब्यात भरूच नका, ते रात्रीच्या आत पोटात जाणारच आहे, एवढं साधं मला पार्किंगमधे एक तास गेल्यावर सुचलं.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर योसेमिटीत जंगलात मुक्काम करायचा असेल तर हा डबा सक्तीचा आहे, खाणं नीट ठेवलं नाही तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मेहुण्याचं म्हणणं की फांदीला दोरीने टांगू, आपण राजगडावर माकडांपासून असंच वाचवतो की. माकडांपासून तिथेही वाचत नाही हा भाग वेगळा, पण इथे टांगायला परवानगीच नाही, कारण इथल्या अस्वलांना ते कधीच पाठ झालंय, दोरी कुठे बांधलीय ते शोधून तोडतात नाहीतर पिल्लाला फांदीवर पाठवतात. पार्कात तीनशे ते पाचशे काळी अस्वलं आहेत (काळी म्हणायचं नुसतं, बहुतेक दिसायला तपकिरीच असतात, खरं तपकिरी अस्वल म्हणजे ग्रिझली, ते कॅलिफोर्नियातून १९२० च्या दशकातच संपलं). माणसाला खायला येत नाहीत, माणसाच्या खाण्याला येतात. १९९८ साली एका वर्षात अस्वलांच्या दीड हजाराच्या वर भानगडी झाल्या, गाड्यांचे दरवाजे वाकवून कूलर काढण्यापर्यंत मजल गेलेली, त्यानंतर लोखंडी लॉकर, हे डबे आणि कडक नियम यांनी तो आकडा बराच खाली आणला.

डब्याची रचना एकदम साधी आहे आणि त्यातच त्याची हुशारी आहे. झाकण डब्याच्या तोंडाच्या आत, कडेच्या लेव्हलला बसतं, बाहेर कुठे काही टोक नाही की नख अडकावं, बिजागरी नाही, हँडल नाही. अंग एवढं रुंद आणि गुळगुळीत की अस्वलाच्या जबड्यात मावत नाही, चावायला गेलं की सटकतं. झाकणावर दोन खाचेचे स्क्रू, त्यात नाणं घालून फिरवायचं. बस. वेस्ट यलोस्टोनला एक सेंटर आहे, तिथे माणसांच्या खाण्याला सोकावलेली, जंगलात परत सोडता न येणारी ग्रिझली ठेवतात, असे डबे आत खाऊ भरून त्यांच्यापुढे टाकतात आणि ६० मिनिटं टिकला तर पास. पण म्हणून अस्वलाला कमी समजू नका, न्यूयॉर्ककडे ॲडिराँडॅक डोंगरात यलो-यलो नावाची एक मादी होती, कानात दोन पिवळे टॅग म्हणून ते नाव, तिने फिरकीच्या झाकणाचा एक डबा उघडायची युक्तीच शोधून काढली होती. हे ऐकल्यावर मेहुणा एकदम आदराने बोलायला लागला अस्वलाबद्दल.

आता नाणं. आमच्याकडे अमेरिकन नाणं एकही नव्हतं, सगळे कार्डवाले. मेहुण्याच्या पाकिटात दोन रुपयांचं एक नाणं निघालं, ते खाचेत फिट्ट बसलं, आम्ही खूश. लायेल कॅन्यनमधे, म्हणजे तुओलमी मेडोजपासून आत जाणाऱ्या नदीच्या खोऱ्यात, चार मैलाच्या आत मुक्काम करू देत नाहीत, आम्ही पाच-सहा मैल आत जाऊन टेंट लावला, नदी बाजूने वाहतेय, डास असे की चहात पडतायत, जेवलो, दात घासले, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कचऱ्याची पिशवी, वास येणारं सगळं डब्यात भरलं (हे पण आत जातं बरं का, जागा धरताना विसरू नका), झाकणं लावली, टेंटपासून शंभर पावलं लांब, नदी आणि उतारापासून बाजूला, दोन्ही डबे ठेवून आलो. रात्री साडेदहाला मेहुणा अंधारात हळूच म्हणतो, "दाजी, जाकिटात चिक्की हाय." लोणावळ्याची. आईने दिलेली, त्याने जपून ठेवलेली.

उठलो, हेडलॅम्प लावून गेलो, आणि नाणं? नाणं टूथपेस्टच्या पाऊचमधे, पाऊच डब्यात, डबा बंद. मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पाच मिनिटं चमच्याच्या दांडीने प्रयत्न केला, दांडी वाकली. शेवटी घराच्या किल्लीचं टोक चाललं, पण बोटं गारठलेली, किल्ली सटकून करंगळी सोलली. आणि सगळं करून झाकण उघडलं तर चिक्कीला जागाच नाही, म्हणून तिघांनी रात्री अकरा वाजता उभ्या उभ्या चिक्की खाल्ली आणि रॅपर चेपून आत बसवलं. त्यानंतर नाणं मेडिकल टेपने मेहुण्याच्या घड्याळाच्या पट्ट्याला चिकटवलं.

अस्वल दुसऱ्या रात्री आलं. आम्ही पाहिलं नाही, ऐकलं. प्लास्टिक दगडावर आपटल्याचा एक पोकळ आवाज, मग थोडा वेळ काही नाही, मग परत, जरा लांबून. बायकोने माझा हात असा धरला की सकाळपर्यंत वळ होते. ओरडून, भांडी वाजवून हाकलायचं असतं हे मला पाठ होतं, पण तोंडातून आवाज आला तो "ए!" एवढाच, तोही बारीक. मेहुणा मात्र टेंटमधूनच शेतात डुक्कर हाकलतात तसा मोठ्याने ओरडला आणि आवाज थांबला.

सकाळी एक डबा जागेवर, दुसरा तीसेक पावलांवर गवतात आडवा, वर लाळ वाळून पांढरे ओघळ झालेले, आणि कडेला दोन नवे ओरखडे, जुन्या पंचवीस ओरखड्यांमधे नवे कुठले ते त्यांच्यातल्या ताज्या मातीवरून कळले. आत सगळं जसंच्या तसं, फक्त लाडवाचं ढेपूळ फुटून परत लाडवांएवढे तुकडे झाले होते. डबा नदीजवळ ठेवला असता तर तो वाहून गेला असता आणि आम्ही उपाशी परत आलो असतो, म्हणून जागा निवडताना आळस नको. दोरीपण बांधू नका, तिला धरून अस्वल डबा ओढत नेतं.

तक्रारी म्हणाल तर आहेत. बॅगेत उभा ठेवला की पाठीला टोचतो, मधे ठेवून खाली स्लीपिंग बॅग आणि आजूबाजूला कपडे कोंबावे लागतात. तोंड अंगापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे तळाशी गेलेली वस्तू काढायला सगळं उपसायचं, आणि काळा असल्याने आत काय राहिलंय ते दिसत नाही, बेअरव्हॉल्टचे पारदर्शक डबे त्या बाबतीत सोयीचे वाटतात. बेअरिकेडचा कार्बन फायबरचा डबा हलका आहे पण किंमत बघून आम्ही टॅब बंद केला. अरसॅकच्या, म्हणजे अस्वलाला फाडता येऊ नये अशा मजबूत कापडाच्या पिशवीबद्दल बरेच जण विचारतात, ती योसेमिटीत चालत नाही.

वर्षातून एखाददुसरा ट्रेक असेल तर भाड्यानेच घ्या, विकत घेऊन गॅरेजमधे धूळ खाणार. दोन माणसं दोन रात्री असाल तर एका डब्यात जमेल, पण पहिल्या रात्री झाकण लावायला एकाने वर बसायची तयारी ठेवा. तीन माणसं तीन रात्री म्हणजे दोन डबे, आणि चिवडा घरी. बसायला स्टूल म्हणून एकदम मस्त, तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याच्यावरून भांडणं होत होती.

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक अरुंद तोंडासाठी, करंगळीचा दोष माझा. परत करताना काउंटरवरच्या बाईंनी डबा उघडून आत नाक घातलं, एकदम मागे सरकल्या आणि हे काय म्हणून विचारलं. लसणाची चटणी, बायको म्हणाली, आणि उरलेली पिशवी त्यांना देऊन टाकली.