मुलांच्या मराठीसाठी ॲप, कहूट की नाव-गाव-फळ-फूल?

"मुलीला मराठीसाठी कोणतं ॲप लावून देऊ?" इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे आईबाबा हे हमखास विचारतात. मी रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलांना मराठी शिकवते. माझा उलटा प्रश्न ठरलेला: तिचं अडतंय कुठे? वाचताना, बोलताना की लिहिताना?

वाचताना अडत असेल तर गूगलचं रीड अलाँग बघा. २०१९ मध्ये आपल्याकडे ते 'बोलो' या नावाने आलं. मूल गोष्ट मोठ्याने वाचतं, पडद्यावरची दिया नावाची मुलगी ऐकते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते, तारे देते. चारचौघांत वाचायला लाजणाऱ्या मुलाला याचा फार आधार वाटतो, चुकलं तरी हसणारं कोणी नसतं ना! मात्र वाचायचं ते दुसऱ्याचं वाक्य. स्वतःचं एकही करावं लागत नाही. (ड्युओलिंगोवर हिंदी आहे, मराठी नाही. तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.)

कहूट म्हणजे ऑनलाइन प्रश्नमंजुषा, ती वर्गासाठी. प्रोजेक्टरवर प्रश्न, हातातल्या फोनवर चार रंगांचे पर्याय. गोंगाट होतो आणि मुलांना तोच हवा असतो. उजळणीला छान. पण नेहमीच्या पद्धतीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण: झटपट दिलं तर हजारच्या आसपास, शेवटच्या क्षणी दिलं तर निम्मे. सावकाश वाचणारं मूल यात न वाचताच बटण दाबायला शिकतं. म्हणून मी प्रत्येक प्रश्नाला पूर्ण मिनिट ठेवते.

बोलायला मात्र कागद-पेन्सिलच. मागच्या रविवारी नाव-गाव-फळ-फूल खेळताना 'भ' आला. नाव भास्कर, गाव भुसावळ, फळाला एकाने लिहिलं भोपळा. मग पंधरा मिनिटं भांडण: भोपळा फळ की भाजी? "पण त्याच्यात बिया असतात ना!" "मग वांग्यात पण असतात!" एरवी 'हो-नाही'वर भागवणारी मुलं सलग मराठीत तावातावाने बोलत होती. फुलाचा रकाना सगळ्यांचाच कोरा राहिला तो राहिलाच. शिवाय घरात आजी असेल तर उच्चारही सुधारतात. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळा, हे लिपीत दिसत नाही, आजीच्या कानाला लगेच कळतं. भेंड्या खेळणार असाल तर शेवटी 'ळ' आल्यावर 'ल' घ्यायचा, हे आधीच ठरवा.

लिहिण्याचं काय? दहा वर्षांपुढच्या मुलांच्या हाती सरळ मराठी कीबोर्ड द्या. रोमन अक्षरांतून टाइप करायची सोय सोपी: पाणी हवं असेल तर पानी की पाणी, समोर आलेल्यातून निवडावं लागतं. एवढ्यानेही न-ण कडे लक्ष जातं. इन्स्क्रिप्टला (थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्डला) सुरुवातीला महिनाभर कंटाळा येतो, पण 'द्य' उमटवायला द, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य अशी तीन बटणं दाबावी लागतात आणि जोडाक्षर कशाचं बनलंय ते बोटांना समजतं. आमच्याकडे याचाच खेळ होतो: दोन मिनिटांत जास्तीत जास्त जोडाक्षरी शब्द. काल 'ज्ञ'वर सगळे अडले. कुणी ग आणि य जोडून बघितलं, कुणी द, न, य. ज आणि ञ सुचलं ते फक्त एकीला, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही.