नऊ महिने, ९,२०० किलोमीटर आणि नसलेली किक

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे साडेपाचला जॅकेट, हेल्मेट, ग्लोव्हज चढवून नऊ महिन्यांपूर्वी घेतलेल्या मोटरसायकलवर बसलो, बटण दाबलं, तर आतून नुसतं टक-टक-टक. मीटरचे दिवे मंद झाले आणि विझले. पाय सवयीने उजवीकडे किक शोधायला गेला. तिथे काहीच नव्हतं.

बाकीचं आधी उरकतो. सिंगल सिलिंडर, इंजेक्शन (पेट्रोल विजेवर फवारणारी यंत्रणा), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). आकडे सगळ्यांना पाठ आहेत. ब्रेक उत्तम, हेडलाइट चांगला, सीट तीन तासांनी टोचायला लागते. बस्स. मला बोलायचंय ते किकबद्दल.

धक्का मारून पाहिला. उतार, दुसरा गिअर, क्लच सोडला. मागचं चाक फरफटलं, इंजिन ढिम्म. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे विजेशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या गाडीत टाकीचा कॉक उघडला की पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. इंजेक्शनवाल्या गाडीत टाकीतला पंपही विजेवर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, तोही विजेवर. बॅटरी पूर्ण झोपली की गाडी उतारावर कितीही पळवा, उपयोग नाही. दीड-पावणेदोनशे किलोचं धूड चढावर परत ढकलत आणताना मला माझ्या जुन्या तिन्ही गाड्या आठवल्या.

पहिली यामाहा आरएक्स १००. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. चोक ओढायचा, चप्पल घातलेल्या पायाने अर्धी किक, की लगेच तो टिंगटिंग आवाज आणि निळसर धूर. हाताने किक मारून चालू करायच्या पैजा मी जिंकलेल्या आहेत. मग जावा २५०. तिच्यात किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही डावीकडे. आत दाबून मागे फिरवला की किक, गाडी चालू झाली की पुढे आणून टाका पहिला गिअर. इतकी देखणी सोय मी नंतर कुठल्याच गाडीत पाहिली नाही.

आणि बुलेट. जुनी, ३४६ सीसी, पॉइंट्सवाली (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या यांत्रिक पट्ट्यांची). बुलेटला किक मारणं म्हणजे पायाने इंजिनची नाडी बघणं. चावी फिरवायची, टाकीपुढच्या, वीज बॅटरीत येते की जाते ते दाखवणाऱ्या अॅमीटरवर नजर ठेवून किक हळू दाबत जायची. काटा उणेकडून मध्यावर आला की थांबायचं. डाव्या हाताने डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) ओढून किक जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायची, पाय वर घ्यायचा आणि मग एकच पूर्ण किक. घाई केली तर ती उलटी मारते, पोटरीला दोन दिवस आठवण राहते. पण जमलं की पहिला ठोका तळपायातून वर येतो. गाडी आज कशी आहे ते तिथेच कळतं. बटण दाबणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. गाडी टेम्पोत घालून नेली. उत्तर मिळालं, "साहेब, गाडी कमी चालवता, बॅटरी गेली. वॉरंटीत बसत नाही." महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे कमी? डोकं फिरलं. गाडी तशीच परत आणली, मल्टीमीटर विकत घेतला. बॅटरी चार्ज करून मोजली, १२.७ व्होल्ट. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. मग चावी बंद करून बॅटरीच्या वायरमध्ये मीटर लावला आणि तिथे चोर सापडला. गाडी बंद असताना ४५ मिलीअँपिअर जात होते. मोबाइल चार्जरचा फ्यूज काढला, आकडा ३ वर आला.

४२ मिलीअँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला एक अँपिअर-अवर. बॅटरी ८ ची. मी आठ दिवस बाहेर होतो. चार्जर थेट बॅटरीला जोडला होता, आणि तो डिलिव्हरीच्या दिवशी याच सर्व्हिस सेंटरने बसवलेला. आता मी तो रिले (चावी फिरली तरच वीज जोडणारा स्विच) टाकून चावीवर घेतलाय. "गेलेली" बॅटरी तीच आहे, रोज एका बटणात गाडी उठते.

म्हणून गाडीवरचा राग मी मागे घेतो. कबूलही करतो, की गेल्या महिन्यात अडीच हजार मीटरच्या वर, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, ती पहिल्या बटणात चालू झाली आणि आयडलिंगही हललं नाही. विरळ हवेत कार्ब्युरेटरचं मिश्रण जास्तच पेट्रोलाळ होतं. तिथे माझ्या बुलेटने नक्की धापा टाकल्या असत्या.

किकबाबत मात्र मी हटणार नाही. अमेरिकेतल्या 'इंडियन' कंपनीने १९१४ मध्ये हेन्डी स्पेशल मोटरसायकलला सेल्फ (बटणाने इंजिन चालू करणारी मोटर) दिला, तेव्हाही घात बॅटरीनेच केला होता. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला बटण होतं आणि किकही होती. चार सिलिंडरच्या गाडीत जागा निघाली, मग एका सिलिंडरच्या गाडीत का नाही? इंजेक्शन असलं तरी निम्म्या मेलेल्या बॅटरीवर, जिथे सेल्फ फिरत नाही पण पंप चालतो, तिथे किक घरी पोचवते. अशी वेळ बहुतेकांवर येते.

बुलेट अजून माझ्याकडेच आहे. तिच्या किकचं रबर झिजून एका बाजूने माझ्या बुटाच्या आकाराचं झालंय. नवं आणून ठेवलंय, अजून लावलेलं नाही.