१२ वर्षांच्या मुलाची पहिली शिकारी रायफल: रूगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, .२४३ घ्यावी की ७ एमएम-०८?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीचा परवाना १२व्या वर्षापासून मिळतो. त्या वयाचं मूल साधारण ३५-४० किलोचं असतं, हात आखूड असतात आणि घरात बहुतेक वेळा मोठ्यांच्या मापाची .३०-०६ पडलेली असते. तीच मुलाच्या हाती देऊ नका. मोठ्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत पावणेचौदा इंच अंतर असतं. एवढा लांब दस्ता मुलाच्या खांद्याच्या खोबणीत बसतच नाही, तो दंडावर टेकतो. मग मूल तोल सांभाळायला मागे रेलतं आणि गोळी सुटली की सगळा धक्का दंडावर घेतं. असे दोन-तीन बार झाले की पुढे कितीतरी महिने ते चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं.

रूगर अमेरिकन कॉम्पॅक्टमध्ये हेच अंतर साडेबारा इंच आहे. नळी १८ इंचांची, रिकामी रायफल ६ पौंडांची म्हणजे सुमारे पावणेतीन किलोची. दुर्बीण, कडी आणि पट्टा चढवला की सव्वातीन-साडेतीन किलो होते. याहून हलकी शोधू नका. डोंगर चढताना हलकी रायफल बरी वाटते, पण तिचा धक्का जास्त बसतो.

माप दुकानातच बघा. मुलाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतं का ते पाहा. हे सगळं जाड जॅकेट घालून करायचं, कारण शिकार ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत असते आणि जॅकेटच अर्धा-पाऊण इंच खातं. शर्टावर बरोबर बसलेली रायफल रानात लांब पडते. मूल झपाट्याने वाढत असेल तर मॉसबर्ग पॅट्रियटचं सुपर बँटम मॉडेलही हातात घेऊन बघा. त्यात मधला तुकडा काढून-घालून १२ ते १३ इंच असं माप बदलता येतं.

आता मुख्य प्रश्न काडतुसाचा. .२४३ विंचेस्टर १९५५ साली आली आणि मुलांची रायफल म्हणून ओळखली जाते. १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी आणि सव्वासात पौंडांची सज्ज रायफल धरली तर धक्का साधारण १० फूट-पौंड (ऊर्जेचं माप) येतो. ७ एमएम-०८ मध्ये १४० ग्रेनला तो १५च्या आसपास जातो, .३०८ ला १९ आणि .३०-०६ ला १८० ग्रेनसह २४पर्यंत. हे आकडे पाहून बहुतेक पालक डोळे झाकून .२४३ उचलतात. आमचं मत वेगळं आहे. हॉर्नाडीच्या कस्टम लाइट मालिकेत ७ एमएम-०८ साठी १२० ग्रेनचं सौम्य काडतूस मिळतं. त्याचा धक्का .२४३च्या पूर्ण भरलेल्या काडतुसाइतकाच होतो आणि गोळी मात्र जाड व जड असते. म्हणजे पहिली दोन वर्षं सौम्य काडतुसांवर हरीण आणि पुढे त्याच रायफलीत १४० ग्रेन घालून एल्क (हरणाची मोठी, जड जात), असा हिशेब जमतो. .२४३ने एल्क मारता येत नाही असं नाही, पण चुकीला जागा फार कमी उरते आणि नवख्याच्या हातून चूक होणारच.

एक अडचण खरी आहे. ७ एमएम-०८ची काडतुसं छोट्या गावातल्या दुकानात नेहमी मिळतीलच असं नाही. हंगामाआधी एकाच प्रकारच्या चार-पाच पेट्या घेऊन ठेवा. ज्यांचं मूल फक्त म्यूल डिअर (तिथलं हरीण) किंवा प्राँगहॉर्न (काळविटासारखं जनावर) मारणार आहे, त्यांना .२४३ पुरेशी आहे.

.२४३ घेणाऱ्यांनी पेटीवरचं वजन वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नये. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलाला किमान ७० ग्रेनची, एल्क आणि मूसला किमान ८५ ग्रेनची फुलणारी (आत शिरल्यावर पसरणारी) गोळी लागते, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. बार्न्सची ८० ग्रेनची तांब्याची टीटीएसएक्स गोळी हरणाला चालते, पण एल्कला ती बेकायदा. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या कोल्ह्या-खारींसाठी असतात. त्या कातडीखालीच फुटतात, आत जात नाहीत, आणि जनावर जखमी होऊन तडफडत निघून जातं.

रायफलीचे गुण-दोष. चाप ३ ते ५ पौंडांत जुळवता येतो. मुलासाठी साडेतीन-चारवर ठेवा, कारण हातमोज्यात त्याहून हलका चाप नकळत ओढला जातो. सेफ्टी अंगठ्याखाली आहे आणि ती लावलेली असतानाही बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारी सरकती दांडी) उघडतो, त्यामुळे सेफ्टी न काढता रायफल रिकामी करता येते. त्याच कारणाने झुडपातून जाताना बोल्ट अडकून उघडू शकतो, म्हणून चालताना नळीत काडतूस नकोच. मॅगझिनमध्ये चार बसतात, मुलाला एकच द्या.

दस्ता स्वस्त प्लास्टिकचा आहे. पुढचं टोक दाबलं की ते वाकून नळीला टेकतं आणि गोळी बाजूला जाते. टेकू नेहमी मॅगझिनच्या जरा पुढे घ्या, पट्टा ताणून नेम धरू नका. पण खरा त्रास आवाजाचा आहे. १८ इंचांच्या नळीचा बार कानठळ्या बसवतो आणि मुलं धक्क्यापेक्षा त्यालाच जास्त घाबरतात. कानात बोळे आणि त्यावर कान झाकणारे मफ, दोन्ही वापरा. मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसवायचा छिद्रांचा तुकडा) लावू नका. धक्का कमी होतो, पण आवाज दुपटीने अंगावर येतो.

दुर्बीण २-७ किंवा ३-९ पटीची साधी पुरे. ती मूल स्वतः नेम धरून असताना बसवा, मोठ्यांच्या मानेवरून नाही. मूल मान पुढे काढतं, आणि डोळ्यापासून साडेतीन इंचांपेक्षा कमी अंतर राहिलं तर दुर्बिणीची कड भुवईत घुसते.

सराव छोट्या काडतुसाच्या .२२ने सुरू करा. रूगर अमेरिकन रिमफायर कॉम्पॅक्टचाही दस्ता साडेबारा इंचांचा असल्याने हात तोच राहतो. मोठ्या रायफलीचे एका वेळी १० बार, जास्तीत जास्त १५, मग परत .२२. मेजावर छाती टेकवून बसवू नका, तिथे धक्का सगळ्यात जास्त लागतो. काठ्यांच्या टेकूवर बसून किंवा गुडघ्यावर घ्या. खोटी काडतुसं खऱ्यांत मिसळून भरा. खोट्यावर नळी खाली झुकली तर मूल दचकतंय, लगेच थांबा. काठ्यांवरून १०० यार्डांवरच्या ६ इंचांच्या कागदी बशीत पाचपैकी पाच लागेपर्यंत रानात नेऊ नका.

कागदपत्रांचं आधी बघा. हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र लागतं. १२ ते १५ वर्षांच्या मुलासोबत १८ वर्षांवरील प्रशिक्षित व्यक्ती दिसेल-ऐकू येईल इतक्या अंतरावर हवी, आणि अंगावर किमान ५०० चौरस इंच झळाळता नारिंगी किंवा गुलाबी कपडा. अमेरिकेत एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्या मराठी पालकांनी ध्यानात ठेवावं की अशा व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे, पण अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून परवाना आधी, दुकान नंतर. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच.