स्टेल्व्हिओ की ग्रोसग्लॉकनर?

आल्प्समधला एकच घाट स्वतः गाडी चालवत करायचा असेल, तर इटलीतला स्टेल्व्हिओ की ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर? मी दोन्ही केलेत.

स्टेल्व्हिओची खिंड २,७५७ मीटरवर. ऑस्ट्रियन साम्राज्याने उत्तर इटलीतल्या लोंबार्दी प्रांताशी जोडणारा हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला. पायथ्याच्या प्रातो गावाकडून चढताना ४८ हेअरपिन वळणं लागतात आणि प्रत्येकावर आकड्याची पाटी असते. मोजणी उलटी, ४८ पासून खाली. दहाच्या आत येईपर्यंत माझे तळहात घामाने ओले झाले होते. रस्ता अरुंद, सायकलवाल्यांची रांग, त्यात समोरून बस आली की वळणाच्या अलीकडेच थांबून तिला जागा द्यायची. डाव्या बाजूने चालवायची सवय असलेल्या आपल्याला हे सगळं जास्तच जड जातं.

ग्रोसग्लॉकनरचा रस्ता १९३५ साली खुला झाला तो पर्यटन डोळ्यांसमोर ठेवूनच. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, ऐसपैस रस्ता, जागोजागी थांबे. टोल मात्र घसघशीत. ग्रोसग्लॉकनरचं ३,७९८ मीटरचं शिखर अगदी समोर उभं राहतं. खालची पास्टर्झ हिमनदी इतकी मागे हटली आहे, की कठड्यावरून आधी राखाडी खडकच दिसतात. फार वाईट वाटलं.

आईवडील, मुलं सोबत असतील तर बेलाशक ग्रोसग्लॉकनर. घाट चालवण्याचीच हौस असेल तर स्टेल्व्हिओ, तोही भल्या सकाळी. हिवाळ्यात दोन्ही बंद असतात. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको.