बँटिंग हाउस, लंडन (ऑन्टारिओ): मधुमेही मुलांना जरूर न्या

लेकीला टाइप वन मधुमेह, रोज इन्सुलिन. म्हणून मिसिसागाहून मुद्दाम तिला घेऊन गेलो. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचं हे घर आता संग्रहालय आहे; त्यांची झोपायची खोली चुकवू नका. ३१ ऑक्टोबर १९२० ला रात्री दोनच्या सुमारास उठून त्यांनी इथेच वहीत टिपलं: कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिका बांधायच्या. म्हणजे पाचकरसाच्या पेशी सुकतील आणि आतली बेटं (इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके) तेवढी उरतील. १९२१ मध्ये टोरांटोत, स्वादुपिंड काढून मधुमेही केलेल्या कुत्र्यांना अशा सुकलेल्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला आणि रक्तातली साखर उतरली!

गाइड बाईंनी हे सगळं पलंगाशेजारी उभं राहून, लेकीच्या प्रत्येक प्रश्नाला थांबत समजावलं. प्रयोगात गेलेल्या कुत्र्यांबद्दलही त्या आडपडदा न ठेवता बोलल्या. मला तेच सगळ्यात आवडलं. अंगणातली ज्योत मधुमेहावर कायमचा इलाज सापडेपर्यंत तेवत ठेवणार आहेत. निघण्याआधी वेळा तेवढ्या बघून घ्या.