ट्रेनिंग, टोस्टमास्टर्स की सोसायटीची कमिटी?

आमच्या प्लँटमध्ये नुकताच 'को-ऑर्डिनेटर' झालेला एक मुलगा परवा चहाच्या वेळी गाठून विचारत होता, "सर, कंपनीचं दोन दिवसांचं इन्फ्लुएन्सिंगचं ट्रेनिंग आहे, त्याला नाव देऊ, की टोस्टमास्टर्स लावू?" इन्फ्लुएन्सिंग म्हणजे हाताखाली नसलेल्यांचं मन वळवून काम करून घेणं, आणि टोस्टमास्टर्स म्हणजे भाषणाचा सराव करायचा क्लब. क्लास लावतात तसं 'लावू'. चहा संपेपर्यंत मला धड उत्तर देता आलं नाही. मी दोन्ही केलंय. शिवाय तिसरं एक केलंय, जे शिकायला म्हणून केलंच नव्हतं.

को-ऑर्डिनेटर म्हणजे काय, हे चाकणपासून अंबडपर्यंतच्या कारखान्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. टूलरूम, मेंटेनन्स, स्टोअर्स, क्वालिटी, यातल्या कोणाचंही अप्रेझल तुम्ही लिहीत नाही आणि डिस्पॅच चुकला की पहिला फोन मात्र तुम्हालाच. मी प्लॅनिंगमध्ये आहे, १४ वर्षं. सुरुवातीला माझ्याकडे एकच हत्यार होतं: मेलच्या सीसीत समोरच्याचा साहेब टाकायचा. काम व्हायचं, पण एकदाच. पुढच्या वेळी त्याच्या उत्तराच्या सीसीत माझा साहेब असायचा.

आधी ट्रेनिंगबद्दल. आमचं एका हॉटेलच्या गारढोण हॉलमध्ये झालं. फी कंपनीने भरली होती. आकडा नंतर कळला, तो माझ्या घराच्या हप्त्याच्या जवळपास होता. ट्रेनर चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रार आहे.

अशा ट्रेनिंगमधून शब्द मिळतात आणि ते कमी नाही. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मन वळवण्याची सहा तत्त्वं मांडली: परतफेड, दिल्या शब्दाला चिकटून राहणं, बाकीचे काय करतात ते पाहणं, आवडत्या माणसाचं ऐकणं, जाणकाराचं ऐकणं आणि टंचाई. 'हा आपल्यातला' ही भावना सातवी, ती त्यांनी २०१६ मध्ये जोडली. परतफेडीचं तत्त्व ऐकताना मला आजी आठवली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे तिने कुठल्याही हॉटेलात न जाता शिकवलं होतं. ॲलन कोहेन आणि डेव्हिड ब्रॅडफर्ड यांची चलनाची कल्पना त्याहून कामाची वाटली. अधिकार नसेल तर समोरच्याकडे कुठलं नाणं चालतं ते शोधा. कोणाला श्रेय हवं असतं, कोणाला बातमी आधी कळायला हवी असते, कोणाला फक्त कटकट नको असते.

मग रोल-प्ले झाला. माझ्या समोर दुसऱ्या कंपनीतले अकाउंट्सचे एक गृहस्थ आणि त्यांच्या हातात 'हट्टी स्टोअर्स इनचार्ज' अशी चिठ्ठी. त्यांनी सुरुवातीला "शक्य नाही" म्हटलं. मी दोन तत्त्वं वापरली. तेवढ्यात जिरा राइसचा वास आला. एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. ते म्हणाले, "ठीक आहे, पटलं." ट्रेनरने टाळ्या वाजवल्या.

आमच्या खऱ्या स्टोअर्स इनचार्जनी मला इतक्या वर्षांत एकदाही 'पटलं' म्हटलेलं नाही. आणि मुख्य म्हणजे 'शक्य नाही' असंही कधी म्हटलेलं नाही. ते म्हणतात, "बघू."

माझं घोडं अडलं ते इथे. दोन दिवसांत आम्ही 'नाही'चं 'हो' कसं करायचं ते शिकलो. पण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणतं कोण? वयाने मोठा असेल तर "बघू या की", बरोबरीचा असेल तर "करू, टेन्शन नको घेऊस", धाकटा असेल तर "हो सर, करतो सर". तिन्हींचा अर्थ शुक्रवारी संध्याकाळी कळतो, गाडी गेटवर उभी असते तेव्हा. नकार असता तर युक्तिवाद केला असता. 'बघू'शी कसला युक्तिवाद करणार? तो माणूस तर तुमच्याच बाजूचा असल्यासारखा मान डोलावतोय. ट्रेनिंगच्या जाडजूड फाइलमध्ये मी हे शोधलं, सापडलं नाही. कदाचित चांगल्या ट्रेनरकडे असेलही. माझा अनुभव एका फाइलपुरता.

ऑनलाइन कोर्सबद्दल फार बोलत नाही. मी दोन घेतले, एक पूर्ण केला, तोही दीडपट वेगाने. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये सांगितलेला एक फरक तेवढा डोक्यात राहिला: माणूस तोंडाने मागतो ते वेगळं, आणि ते का मागतो ते वेगळं. वहीत लिहून ठेवलं होतं. उपयोगी पडलं ते बऱ्याच उशिरा.

टोस्टमास्टर्सची गोष्ट वेगळी आहे. १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी सुरू केलेला हा प्रकार अजून जवळपास त्याच साच्यात चालतो, आणि साचा भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय शुल्क सहा महिन्यांना ६० डॉलर, नव्या सभासदाला एकदाच वरचे २०. म्हणजे खिशातूनच जातात, पण दर आठवड्या-पंधरवड्याला उभं राहायला मिळतं, हे लक्षात घेता मला महाग वाटलं नाही. मी दीड वर्ष गेलो. पहिल्या भाषणात अडखळणं मोजणाऱ्या बाईंनी माझे 'म्हणजे' मोजले: २२. त्या दिवसापासून सकाळच्या मीटिंगमध्ये माझं बोलणं निम्म्यावर आलं, असं सहकारी सांगतात.

तिथे सगळ्यात कामाची जागा भाषणाची नाही, मूल्यमापनाची आहे. दोन ते तीन मिनिटांत, सगळ्यांसमोर, वक्त्याला त्याची चूक अशी सांगायची की पुढच्या वेळी त्याने ती खरंच सुधारावी. तुम्ही त्याचे साहेब नाही. वेळ संपत आल्याचा हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतोय. कंपनीत मला जे करायचं होतं त्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही त्या क्लबात नव्हतं. नवा माणूस मात्र भाषणांच्याच मागे लागतो, मीही लागलो.

उणीव एकच. भाषण संपलं की टाळ्या वाजतात आणि सगळे घरी जातात. मी एकदा 'पाणी वाचवा' यावर असं बोललो की समोरच्या दोघी भारावल्या. पण त्यानंतर कोणाला काही करायचं नव्हतं. कोणाचा पैसा, वेळ, जागा, इगो, काहीच पणाला लागलेलं नव्हतं. तिथे 'बघू' म्हणायची कोणावर वेळच येत नाही.

आता तिसरं. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, म्हणजे कोरम नसल्यामुळे अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरलेल्या सभेत, मी चुकून वर बघितलं आणि सेक्रेटरी झालो. बिनपगारी, बिनअधिकारी. मेंटेनन्स थकवणाऱ्याला तुम्ही नोटीस पाठवू शकता, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याच बरोबर लिफ्टने वर जायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या बिलासाठी गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. २०२४ मध्ये आलेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. आमच्या १० किलोवॉटला १,८०,०००. मी चार पानांचं एक्सेल केलं आणि ग्रुपवर टाकलं. बावीस अंगठे आले. अंगठा म्हणजे चित्रातलं 'बघू', हे एव्हाना कळायला हवं होतं.

खरी अडचण तिसऱ्या मजल्यावरचे काका. जुने सभासद, ते हो म्हणाले की आठ घरं हो म्हणतात. त्यांनी एक्सेल चष्मा वर करून दहा सेकंद बघितलं. "बघू. वॉटरप्रूफिंगचं काय?" मी वॉटरप्रूफिंगचं पत्र आणलं. "बघू. वादळात उडालं तर?" मी वाऱ्याचा हिशेब आणला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काही न नेता गेलो, रविवारी सकाळी. काकूंनी चहाबरोबर साबुदाण्याच्या पापड्या तळून आणल्या. मी सहज म्हटलं, "घरच्या दिसतायत." काकू म्हणाल्या, "हो, यंदाच्या शेवटच्याच म्हणायच्या. पुढच्या वर्षी गच्ची कुठे राहणार आहे?"

काका पेपर बघत राहिले.

वॉटरप्रूफिंग नव्हतं, वादळ नव्हतं. चाळीस वर्षांचं वाळवण होतं. आणि बायकोच्या पापड्यांसाठी सोलरला विरोध करतोय, हे सभेत सांगायला काकांना लाज वाटत होती, म्हणून ते इंजिनीअरिंगच्या शंका काढत होते. वहीतलं फिशर-युरींचं वाक्य मला तेव्हा, पापडी खाताना, समजलं. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. काकूंनी चपलेने रेघ ओढून दाखवली: टाकीच्या बाजूचा कोपरा, तिथे दुपारभर ऊन असतं. मांडणी थोडी सरकवली आणि दोन पॅनल पंपरूमच्या स्लॅबवर नेले. सभेत ठरावाचे सूचक म्हणून काकाच उभे राहिले. एकदा चारचौघांत सूचक झालेला माणूस मागे फिरत नाही, हे चाल्डिनींचं. पण काकांना सूचक व्हायला सांगावं हे मला काकूंनी सुचवलं.

याचा कंपनीशी काय संबंध? सांगतो. त्याच पावसाळ्यात वेल्डशॉपचं एक फिक्स्चर, म्हणजे वेल्डिंग करताना पार्ट धरून ठेवणारा साचा, दुरुस्तीला टूलरूममध्ये अडकलं होतं. माझे दोन मेल गेले होते, दोन्हींना उत्तर 'बघतो'. तिसरा मेल, सीसीसकट, लिहायला घेतला आणि ठेवून दिला. सव्वादहाच्या चहाला टूलरूममध्ये गेलो आणि तिथल्या मामांना म्हटलं, जरा दाखवा तरी काय झालंय. त्यांनी पार्ट जागेवर बसवणारी लोकेटिंग पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने चपटी झाली होती. "पार्ट बसत नाही की पोरं हातोडी मारतात. मी नवी पिन टाकतो, आठ दिवसांत परत येतं. आणि सकाळच्या मीटिंगला तुमच्या शीटवर काय लिहिलेलं असतं? टूलरूम डिले."

शीट माझीच होती. तो रकाना मीच आखला होता. दुसऱ्या दिवशीपासून 'कुठे अडलं' याच्या शेजारी 'कशामुळे' लिहायला लागलो, आणि वेल्डशॉपच्या सुपरवायझरला ती चपटी पिन दाखवली. फिक्स्चर दोन दिवसांत आलं. हा योगायोगही असेल. मी काही स्टॉपवॉच लावून बसलो नव्हतो. पण पूर्वी टूलरूमला तीन स्मरणपत्रं लागायची, आता बहुतेक वेळा एक फेरी पुरते.

तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपत नाही. तरी सरसकट सांगणार नाही. चार माणसांसमोर उभं राहिलं की ज्याचा घसा कोरडा पडतो, त्याने आधी टोस्टमास्टर्सच लावावं, आणि तीन-चार भाषणं झाली की मूल्यमापनाची पाळी मागून घ्यावी. ट्रेनिंग कंपनीच्या पैशाने असेल तर जरूर जावं, ते शब्द पुढे कामी येतात. स्वतःच्या खिशातून मात्र मी जाणार नाही. कमिटीची किंमत वेगळीच असते. रात्री साडेदहाला टँकर का आला नाही म्हणून फोन येतो, दुसऱ्या मजल्यावरचे एक सभासद पार्किंगवरून अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि आमच्या घरी 'सेक्रेटरी' हा शब्द टोमणा म्हणून वापरला जातो. पण समोरचा माणूस खरा असतो, त्याला दुपारच्या जेवणाची घाई नसते, आणि त्याचा 'बघू' अस्सल असतो.

हे सगळं त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मी भाड्याने राहतो."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग म्हटलं, आपल्या कॅन्टीन कमिटीत ये. आपल्याएवढ्या कारखान्याला कायद्याने कॅन्टीन लागतंच, आणि आमच्याकडे कमिटीत एक जागा कायम रिकामी असते, कारण पोहे कोरडे झाले की शिव्या तिथल्याच माणसांना पडतात. ठेकेदार तुझं ऐकायला बांधील नाही, कामगार नाही, एचआर तर नाहीच. याहून चांगला सराव कुठे मिळणार?

"बघू, सर," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय बघायचंय?"

तो जरा घुटमळला. "कमिटीची मीटिंग साडेपाचला असते ना? माझी बस पाच चाळीसला सुटते. पुढची थेट आठला."

म्हणजे आता मला ट्रान्सपोर्टच्या माणसाला गाठायला हवं. तोही माझ्या हाताखाली नाही.